निराळ्या घडणीचे मूल आणि घरातील शांततेची साधने

(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

हजेरीपटावर दरवर्षी एखादे नाव असे असते, की त्याच्यापुढे गैरहजेरीची खूण महिनोन्‌महिने पडत जाते आणि पुढे त्याविषयी कोणी विचारीतही नाही. ते मूल आजारी नसते. गाव सोडूनही गेलेले नसते. ते घरीच असते. वर्गातील गोंगाट त्यास सोसत नाही, एका जागी बसणे त्यास जमत नाही, आणि नेहमीच्या क्रमात थोडा बदल झाला की ते किंचाळते, कान दाबून धरते, प्रसंगी डोके भिंतीवर आपटते. यास्तव पालकांनी त्यास घरी ठेवलेले असते, आणि वर्ग शांत राहतो म्हणून शाळेनेही ते मुकाट्याने मान्य केलेले असते. अशा मुलास घरच्या घरी शांत होता यावे यासाठी काय करता येईल, आणि त्यात शिक्षकाचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

उदाहरणादाखल माण तालुक्यातील एखाद्या वस्तीवरील सात वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. आईवडील दिवस उजाडताच कामावर जातात. घरी आजी आणि हा नातू. आजीस शेळ्यांना पाणी पाजावयाचे असते, सरपण आणावयाचे असते. तेवढा वेळ ती नातवाचा पाय जुन्या लुगड्याच्या पट्टीने ओसरीच्या खांबास बांधून ठेवते. शिक्षक घरी येतात तेव्हा ती ओशाळून म्हणते, “गुरुजी, हिरीकडं पळतंय ओ. माझ्यानं पळवत न्हाई. काय करू सांगा.”

या प्रश्नात क्रौर्य नाही, भय आहे. ‘मुलास बांधणे योग्य नव्हे’ एवढेच सांगून जो शिक्षक परततो, त्याचे म्हणणे खरे असले तरी त्याने आजीच्या हाती काहीच दिलेले नसते. बांधण्याऐवजी काय करावे, हे सांगता आले पाहिजे.

१. हट्ट आणि पूर

मेंदूची घडण सर्वांची सारखी नसते. स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन-अक्षमता, बौद्धिक विकासातील मंदता अशी निरनिराळी नावे या निराळेपणास आहेत. अलीकडे त्यांतील काहींना मिळून ‘न्यूरोडायव्हर्स’ मुले असेही म्हणतात. नाव कोणते लागू पडते हे ठरविणे तज्ज्ञाचे काम होय. शिक्षकाने ओळखावयाचे ते एवढेच, की अशा अनेक मुलांना आवाज, प्रकाश, स्पर्श, वास हे इतरांपेक्षा फार तीव्रतेने किंवा फार मंदपणे जाणवतात. शर्टाच्या कॉलरची शिवण एखाद्यास काट्यासारखी बोचते. दुसऱ्यास स्वतःचे हातपाय कोठे आहेत याची जाणीव पुरेशी होत नाही, म्हणून ते उड्या मारते, आपटते, अंग घासते.

इ. स. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. भोवतीचा क्रम जसाच्या तसा राहावा ही या मुलांची ओढ विलक्षण असते, हे त्यांनी त्यात नोंदविले. पुढे काही काळ आईच्या मायेच्या अभावामुळे मूल असे होते, असा समज पसरला. तो समज चुकीचा ठरला आहे. सासरी बोल खाणाऱ्या आईस ही एक गोष्ट शिक्षकाने सर्वांसमक्ष सांगितली, तरी तिच्या मनावरील मोठे ओझे उतरते.

हट्ट करणारे मूल अधूनमधून पाहते, की कोणी लक्ष देत आहे किंवा नाही. मागितलेली वस्तू मिळताच ते थांबते. येथे वर्णन केलेला उद्रेक तसा नसतो. ओढ्यास पूर यावा तसा तो येतो. मुलास वस्तू दिली तरी तो ओसरत नाही, कोणी पाहत नसले तरी थांबत नाही, आणि ओसरल्यावर मूल थकून झोपी जाते. पुरास रागावून किंवा मारून उपयोग नसतो. शहाणा शेतकरी पावसाळ्याआधी बांध घालतो. या मुलांच्या बाबतीतही शांततेचा बांध वादळ येण्यापूर्वी, रोज थोडाथोडा, घालावयाचा असतो. हे सूत्र ध्यानी ठेवल्यास पुढील सर्व गोष्टी सोप्या होतात.

२. साधने घरातच आहेत

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोम येथे बालगृह काढले, त्याआधी त्यांनी मंदबुद्धी म्हणून बाजूस टाकलेल्या मुलांना शिकविण्याचे काम केले होते. हाताने करावयाच्या कामातून मन स्थिर होते, हा धडा त्यांना त्या मुलांपासूनच मिळाला. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासमवेत होत्या, आणि १९५७ पासून ते काम कोसबाड येथे चालले. महाग साधनांवाचून खडे, बिया, पाने, शिंपले यांवर शिक्षण उभे करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील घरे त्या दृष्टीने मुळीच गरीब नाहीत.

(अ) जोराची कामे. ओढणे, ढकलणे, उचलणे, दाबणे या क्रियांनी स्नायूंना व सांध्यांना काम मिळते आणि पुष्कळ मुलांचे शरीर त्यामुळे निवते. कणीक तिंबणे, लहान कळशीतून पाणी नेणे, वैरणीची लहान पेंढी गोठ्यात टाकणे, अंथरुणाची वळकटी करून ती रचणे, अंगण झाडणे, जात्याच्या खुंट्यास आजीच्या हाताबरोबर हात लावून फेरे घेणे ही कामे रोज ठराविक वेळी द्यावीत. ओझे मुलास सहज पेलेल एवढेच असावे. येथेच आजीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सापडते. ज्या कामासाठी ती नातवास बांधून जात होती, त्याच कामात त्यास सोबत घ्यावे. शेळ्यांचे पाणी घरच्या पिंपातून अर्ध्या कळशीने नेऊन डोणीत ओतणे हे त्याचे स्वतःचे काम व्हावे. पाय बांधलेले मूल अधिक अस्वस्थ होते, कारण त्याच्या शरीरास जे हवे तेच त्यास मिळत नाही.

(आ) बोटांची कामे. भुईमुगाच्या शेंगा फोडणे, हरभऱ्याचे घाटे सोलणे, परातीतील धान्यात हात घोळविणे, दोन रंगांच्या कडधान्यांची निवड करणे, देवासाठी कापसाच्या वाती वळणे, फुले ओवणे ही कामे एकसारख्या लयीची आहेत. एकसारखेपणा हाच त्यांचा गुण होय. तासगावकडील घरांत बेदाणा निवडणाऱ्या आईजवळ बसून मूठभर मणी वेगळे करणेही साधते. तथापि ही मजुरी नव्हे, दहा मिनिटांचा खेळ आहे, हे पालकांस स्पष्ट सांगावे. जे मूल वस्तू तोंडात घालते त्याच्या हाती बारीक दाणे देऊ नयेत. ते नाकात व घशात अडकतात.

(इ) झुलणे. साडीची झोळी किंवा ओसरीवरील झोपाळा यांवर मागेपुढे संथ झुलल्याने बहुतेक मुले शांत होतात. गरगर फिरविल्याने मात्र बरीच मुले अधिक चेकाळतात. झोळी जमिनीपासून फार उंच नसावी, गाठ रोज पाहावी, आणि मूल झोळीत असता मोठे माणूस जवळ असावे.

(ई) दाब आणि ऊब. पुष्कळ मुलांना हलका, गुदगुल्या होतील असा स्पर्श नकोसा वाटतो. परंतु तळहाताने खांद्यावर दिलेला स्थिर दाब, किंवा अंगाभोवती घट्ट गुंडाळलेली घोंगडी त्यांना बरी वाटते. हे मुलाच्या इच्छेनेच करावे. तोंड कधीही झाकू नये, आणि घोंगडी मुलास स्वतःच्या हातांनी काढता आली पाहिजे. बाजारात अशा मुलांसाठी वजनदार पांघरुणे विकली जातात. त्यांच्यामुळे स्वमग्न मुलांची झोप वाढत नाही, असे इंग्लंडमध्ये केलेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. पालकांनी त्यांसाठी कर्ज काढू नये.

(उ) श्वास आणि सूर. ‘दीर्घ श्वास घे’ ही आज्ञा लहान मुलास कळत नाही. भिरभिरे फुंकणे किंवा साबणाचे फुगे सोडणे कळते, आणि लांब उच्छ्वास आपोआप घडतो. काही मुलांना एकच संथ सूर ऐकत बसणे आवडते. मिरजेस पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडविले जातात. त्या तंबोऱ्याचा न बदलणारा षड्ज आता मोबाईलवरही हलक्या आवाजात लावता येतो. ज्यास तो आवडत नाही त्याच्यावर लादू नये.

(ऊ) ठरलेल्या क्रमाचा व्यायाम. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला व शाळांतही तो रुजविला. त्या संस्थानातील औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे. दोन्हीकडील वृद्धांस ही परंपरा ऐकून ठाऊक असते. सूर्यनमस्कारात तळहातांवर भार येतो आणि पुढची अवस्था कोणती हे आधीच माहीत असते. या दोन्ही गोष्टी अशा मुलास मानवतात. दोन-तीन नमस्कार, संथपणे, घरातील एखाद्या माणसाबरोबर घालावेत. आकड्यांची चढाओढ करू नये.

येथे सांगितलेले प्रत्येक साधन प्रत्येक मुलास लागू पडेल असे नाही. एकास शेणाने सारवलेल्या जमिनीचा स्पर्श सुखावतो, दुसऱ्यास तो किळसवाणा वाटतो. एका वेळी एकच साधन घ्यावे, आठवडाभर पाहावे, आणि मग ठरवावे. मूल स्वतः हात फडफडविते किंवा बसल्याजागी डुलते, ते त्याचे स्वतःचे शांत होण्याचे साधन असते. त्यापासून इजा होत नसेल तर ते मोडू नये.

३. दिवसाचा क्रम आणि निवाऱ्याचा कोपरा

ज्यास बदल सोसत नाही त्यास पुढे काय होणार हे आधी कळले पाहिजे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर सकाळपासून रात्रीपर्यंतची पाच-सहा चित्रे ओळीने काढावीत : तोंड धुणे, न्याहारी, शेळ्यांचे पाणी, शाळा, खेळ, झोप. एक काम संपले की त्या चित्रावर खडा ठेवावा. हा पुठ्ठा शिक्षकाने स्वतः करून घरी द्यावा आणि तसाच एक वर्गात लावावा, म्हणजे घर व शाळा यांची भाषा एक होते.

यात्रा, लग्न, गणेशोत्सव यांचे दिवस विशेष जपण्याचे असतात. पालच्या खंडोबाची यात्रा असो की म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ असो, गर्दी, ढोल, ध्वनिक्षेपक व गुलाल-भंडारा एकदम अंगावर येतात. मुलास आधी दोन दिवस चित्राने सांगावे, कानांवर मफलर बांधावा, गर्दी वाढण्यापूर्वी दर्शन उरकावे, आणि बाहेर पडण्याची वाट आधीच ठरवून ठेवावी. मूल तयार नसेल तर कोणीतरी त्याच्याजवळ घरी थांबावे; देव रागावत नाही, हे आजीस पटवून देणे गुरुजींस सहज शक्य असते.

घरात एक कोपरा मुलाचा असावा. माळवदाच्या घरात उतरंडीमागची जागा, पत्र्याच्या घरात पलंगाखालची जागा, कोणतीही चालेल. तेथे उजेड कमी असावा. घोंगडी आणि त्याची आवडती एखादी वस्तू असावी. तो कोपरा शिक्षेचा नव्हे. तेथे कोणी त्यास रागाने पाठवू नये आणि तो तेथे बसला असता कोणी ओढून काढू नये. मोबाईल हातात देऊन शांत करण्याची सवय अनेक घरांत लागली आहे. तो काढून घेताना पुन्हा उद्रेक होतो, म्हणून त्याची वेळही चित्रात ठरवून दाखवावी.

४. पूर आलाच तर

अशा वेळी पुढील क्रम पाळावा. बोलणे कमी करावे. एकानेच, हळू, दोन-तीन शब्दांत बोलावे. बघ्यांना दूर करावे. दिवा व आवाज मंद करावा. चूल, विळी, दगड अशा वस्तू बाजूस साराव्यात. डोके आपटत असल्यास मध्ये उशी किंवा दुमडलेले पांघरूण धरावे. अगदी जीवावरचा प्रसंग नसेल तर मुलास जखडून धरू नये. नंतर पाणी द्यावे, पडू द्यावे. ‘असे का केलेस?’ ही चौकशी त्या दिवशी करू नये.

उद्रेक एकाएकी वाढले तर प्रथम दुखणे शोधावे. कान, दात, बद्धकोष्ठ, भूक यांची वेदना ज्यास सांगता येत नाही ते मूल ती अशीच सांगते. झटके येत असतील तर ती फिट असू शकते. मुलास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, आणि त्यास दवाखान्यात न्यावे. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला तर १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस तत्काळ बोलवावे.

पाण्याचा धोका वेगळा सांगणे अवश्य आहे. यांतील अनेक मुलांना पाण्याची ओढ असते आणि ती न सांगता निघून जातात. विहिरी, कालवे, आणि द्राक्षबागांच्या पट्ट्यातील कागद अंथरलेली शेततळी यांत पडलेल्या माणसास निसरड्या कडेवरून वर येता येत नाही. दारास उंच कडी व घंटा लावणे, शेततळ्यास कुंपण घालून आत गाठी मारलेला दोर सोडून ठेवणे, आणि शेजाऱ्यांना मुलाची ओळख करून देणे हे आजीच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर होय. घरी पाण्याची ओढ भागविण्यासाठी परातीत पेलाभर पाणी व दोन वाट्या देऊन ओतण्याचा खेळ, नजरेसमोर, खेळू द्यावा.

५. शिक्षकाचे काम

शिक्षकाने घरी जाऊन प्रथम विचारावे, सांगू नये. ‘आजी, हा कशाने निवतो?’ हा पहिला प्रश्न असावा. घरातील बाईमाणसास बहुधा त्याचे उत्तर ठाऊक असते. ते उत्तर मोलाचे आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. नंतर एका वहीत चार रकाने आखावेत : वेळ, आधी काय घडले, काय केले, किती वेळाने शांत झाला. घरी लिहिणारे कोणी नसल्यास थोरल्या बहिणीने किंवा स्वतः शिक्षकाने आठवड्यातून दोनदा विचारून लिहावे. तीन-चार आठवड्यांत कारणे दिसू लागतात.

गावात देवऋषी, अंगारा, बाहेरची बाधा यांचा आधार घेतला जातो. येथे पालकांची टवाळी करू नये, पण स्पष्टता सोडू नये. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी दीर्घकाळ प्रयत्न केले तो जादूटोणाविरोधी कायदा, त्यांच्या हत्येनंतर, २०१३ साली महाराष्ट्रात झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्याखाली गुन्हा आहे.

शिक्षकावरही कायद्याचे बंधन आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ७ प्रकार होते व त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले व स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश झाला. तेव्हा या मुलाचे नाव पटावर असणे ही शाळेची मेहेरबानी नाही. तालुक्याच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकास कळवावे. तीव्र अडचण असलेल्या मुलांसाठी गृहाधारित शिक्षणाची तरतूद आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा हे मूल त्या दिवशी आवर्जून हजर असावे. दिव्यांगत्वाचा दाखला व वैश्विक ओळखपत्र मिळविण्यास पालकांस साहाय्य करावे. स्वमग्न व मतिमंद मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे.

त्या वस्तीवरील मुलगा एवढ्याने बोलू लागेल किंवा वर्गात पाच तास बसेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु आरंभी तो दररोज एक तास, आपला पुठ्ठा बगलेत मारून, शाळेत येऊ शकेल. वर्गात आवाज वाढला की कान दाबून तो ओसरीत जाऊन बसेल आणि काही वेळाने आपण होऊन परत येईल. त्याचे परत येणे ज्या शिक्षकास दिसेल त्याने ते वहीत लिहून ठेवावे. आणि ओसरीच्या खांबाची ती पट्टी आजीने सोडली की नाही, हे पुढच्या भेटीत प्रथम पाहावे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

१. गेल्या सहा महिन्यांत पटावरून न काढलेली, परंतु शाळेतही न येणारी अशी किती मुले प्रत्येक शाळेत आहेत? त्यांच्या घरी कोण गेले होते?
२. हट्ट व उद्रेक यांतील फरक स्वतःच्या वर्गातील एका प्रसंगावरून स्पष्ट करावा.
३. गावातील घरांत आढळणाऱ्या व या पाठात न आलेल्या दोन लयबद्ध कामांची नावे सांगून त्यांतील धोके नमूद करावेत.
४. एका मुलासाठी दिवसाच्या क्रमाचा पुठ्ठा तयार करून पुढील परिषदेत आणावा.